गुडघ्यापलीकडचा संधिवात

संधिवात म्हटला की डोळ्यांपुढे गुडघाच उभा राहतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची चर्चा आता खेडोपाडी होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादाही घातली. हाताची बोटे, मनगट, घोटा आणि पायाचा अंगठा यांच्या वाट्याला मात्र असे लक्ष क्वचितच येते. वास्तविक अहमदपूरसारख्या शेतीप्रधान तालुक्यात संसार चालतो तो याच लहान सांध्यांवर. खुरप्याची मूठ आवळता आली नाही तर मजुरी बुडते. खडू किंवा लेखणी धरवत नसेल तर शिक्षकाचे आणि कारकुनाचेही अडते.

‘वयाचे दुखणे’ म्हणून हे सोसत राहण्याचे कारण नाही. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यावर वेळीच योग्य औषधे सुरू झाली, तर बोटे वाकडी होण्याचे पुष्कळदा टळते. झिजेच्या संधिवातातही आधी औषधे, व्यायाम, आधारपट्टी आणि योग्य पादत्राणे यांचाच विचार व्हावा. शस्त्रक्रिया हा त्यानंतरचा मार्ग होय.

परंतु तो मार्ग एकच नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेले झिजलेले छोटे हाड काढून टाकले, की वेदना बहुधा शमते. मात्र पकडीत बळ येण्यास काही महिने लागतात. बोटाच्या टोकाचा सांधा, मनगट, घोटा किंवा पायाचा अंगठा येथे दोन हाडे कायमची एकजीव करता येतात. त्याने वेदना थांबते, बळकटी येते. त्या सांध्याची हालचाल मात्र संपते. आमवाताने बिघडलेल्या बोटांच्या मुळाशी सिलिकोनचा सांधा बसविता येतो. त्यात हालचाल टिकते, पण कष्टाच्या कामात तो झिजण्याचा वा तुटण्याचा धोका असतो.

म्हणूनच कोणती शस्त्रक्रिया नवी, यापेक्षा रुग्ण या हातांनी काय काम करतो, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. शेतमजुराला न वाकणारा पण न दुखणारा अंगठा अधिक उपयोगी ठरेल. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला बोटांची हालचाल मोलाची वाटेल. हाडे जुळण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तंबाखूच्या धूम्रपानाने ती जुळण्यात अडथळा येतो, हेही रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. सुगीच्या तोंडावर केलेली शस्त्रक्रिया घराची घडी विसकटून टाकते.

गरिबाच्या हातावर एवढा खर्च कशाला, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशीर अंतिया यांनी समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांसाठी आपले कौशल्य वेचले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशाच रुग्णांच्या आखडलेल्या बोटांना पुन्हा काम करण्याजोगे केले. जे कुष्ठरुग्णांसाठी साधले, ते संधिवाताच्या रुग्णांसाठी अशक्य का मानावे?

अहमदपूर लातूर आणि नांदेड यांच्या दरम्यान वसले आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे हातापायांच्या लहान सांध्यांसाठी आठवड्यातून एक ठरलेला दिवस असावा आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाची सोय तालुक्याच्या रुग्णालयातच व्हावी. कारण शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते; हात पुन्हा कामाला लागतो तो त्यानंतरच्या कित्येक आठवड्यांच्या व्यायामाने. त्या व्यायामासाठी मजुराला वारंवार शहर गाठावे लागले, तर उपचार अर्धवटच राहतील.