‘सापडले’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ नव्हे!



‘शास्त्रज्ञांना असे आढळून आले आहे की...’ या शब्दांनी सुरू होणारी बातमी हल्ली वरचेवर तुमच्या वाचनात येत असेल. कधी माणसाच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण आढळतात, तर कधी प्लॅस्टिक खाणारे जीवाणू आढळतात. पहिली बातमी वाचून आपण घाबरतो. दुसरी वाचून हुश्श करतो आणि हातातली पिशवी निर्धास्तपणे उकिरड्यावर टाकतो. गंमत अशी, की या दोन्ही बातम्या खऱ्या असतात. चुकतो तो आपण घाईने काढलेला निष्कर्ष!

माझे स्पष्ट मत असे आहे, की संयुजा आणि रेणुसूत्रे तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला अशी बातमी नीट वाचता येत नसेल, तर त्याचे विज्ञानाचे शिक्षण अर्धवट राहिले आहे. आणि ही बातमी वाचायला फार मोठी विद्वत्ता लागते, असेही नाही. नववी-दहावीचे विज्ञान, शेकडेवारीचे गणित आणि ‘पुढे काय?’ असे विचारण्याची सवय एवढे भांडवल पुरते. प्लॅस्टिकचेच उदाहरण घेऊन हे पाहू या.

एकच वस्तू, तीन शास्त्रे

१९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोन शास्त्रज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करीत होते. त्यांना हवे होते ते मिळाले नाही. भांड्यात मात्र मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिएथिलीन, म्हणजे आपले रोजचे पॉलिथिन. कार्बनचे हजारो अणू एकामागून एक गुंफलेली ही लांबच लांब साखळी. ती पाण्याने भिजत नाही, आम्लाने विरघळत नाही, कुजत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून तिचा मोठा उपयोग झाला. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे यशच होते.

आता हीच गोष्ट पर्यावरणाच्या बाजूने पाहा. जो पदार्थ कुजत नाही तो जातो कुठे? २०१७ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी जगभराचा हिशेब मांडला. २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले होते. त्यातील सुमारे ६३० कोटी टन कचरा झाले. या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आले, १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्या निसर्गात साचले.

ते तेथे पडून राहते, पण अखंड राहत नाही. ऊन, वारा आणि लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांचे कण करतात. ५ मिलिमीटरहून लहान कणांना आपण सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतो. हे नाव रूढ झाले ते २००४ सालच्या एका निबंधामुळे. ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरची वाळू तर तपासलीच, पण १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेले समुद्रातील प्लवकांचे नमुनेही बाहेर काढले. जुन्या नमुन्यांपेक्षा नव्या नमुन्यांत प्लॅस्टिकचे धागे अधिक होते. ज्यांनी ते नमुने गोळा केले होते, त्यांच्या मनात प्लॅस्टिक नव्हतेही. कामाचा नमुना नीट नोंद करून जपून ठेवावा, तो का, हे यावरून कळते.

आणि तिसरी बाजू वैद्यकाची. हे कण आपल्या शरीरात जातात का? २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २२ निरोगी रक्तदात्यांचे रक्त तपासले. त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळले. येथून खरा प्रश्न सुरू होतो. आढळले, पण म्हणून अपाय होतोच का?

आकडे स्वतः मांडून पाहा

२०२४ साली इटलीतील डॉक्टरांनी एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. मानेतील रोहिणी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली, की शस्त्रक्रिया करून तो थर काढतात. अशा २५७ रुग्णांचे काढलेले थर त्यांनी तपासले. १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीनचे कण सापडले, १०७ जणांच्या थरात ते सापडले नाहीत. मग सुमारे ३४ महिने या सर्वांवर लक्ष ठेवले. प्लॅस्टिक सापडलेल्या १५० पैकी ३० जणांना या काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला अथवा मृत्यू ओढवला. दुसऱ्या गटात १०७ पैकी ८ जणांच्या बाबतीत असे घडले.

वहीत मांडून पाहा. पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात साधारण साडेसात टक्के. वय, इतर आजार वगैरे गोष्टींचा हिशेब करून संशोधकांनी काढलेला धोका तर साडेचारपट भरला. फरक लहान नाही. मग प्लॅस्टिकने हृदयविकार होतो, हे सिद्ध झाले ना?

नाही. आणि असे त्या संशोधकांनी स्वतःच म्हटले आहे. कारण दोन गोष्टी बरोबर दिसल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. ज्यांच्या शरीरात प्लॅस्टिक अधिक, त्यांचे खाणे, राहणे, कामाची जागाही वेगळी असेल. त्यांपैकीच एखादी गोष्ट रोगाचे मूळ असेल. किंवा उलटही असेल, म्हणजे अधिक खराब झालेला थरच कणांना अधिक अडकवून ठेवत असेल. संशोधकांनी बऱ्याच शक्यता हिशेबात घेतल्या, पण साऱ्या शक्यता अशा अभ्यासातून पुसल्या जात नाहीत.

शिवाय आणखी एक अडचण आहे. प्लॅस्टिक सर्वत्र आहे, तसे ते प्रयोगशाळेतही आहे. हातमोजे, नळ्या, शास्त्रज्ञाच्या अंगावरचा नायलॉनचा कपडा, खोलीतली धूळ, कोठूनही कण नमुन्यात पडू शकतो. म्हणून चांगली प्रयोगशाळा रुग्णाच्या नमुन्याबरोबर ‘कोरा’ नमुनाही तपासते, म्हणजे त्यात काहीच नसावे असा. त्यातही प्लॅस्टिक निघाले तर काय समजायचे, ते तुम्हीच सांगा.

२०२५ साली माणसाच्या मेंदूतील प्लॅस्टिकवर निबंध आला आणि ‘मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक’ असे मथळे जगभर झळकले. या पद्धतीत नमुना तापवून त्याचे तुकडे करतात व तुकड्यांवरून मूळ पदार्थ ओळखतात. पण चरबी तापवली तरी पॉलिएथिलीनसारखेच काही तुकडे निघतात, आणि मेंदूत तर चरबी विपुल! म्हणून काही शास्त्रज्ञांनी त्या आकड्यावर आक्षेप घेतला. अशा आक्षेपांमुळे विज्ञान बदनाम होत नाही. उलट, त्यांच्यामुळेच ते विश्वासाला पात्र ठरते.

मग सिद्ध होते कसे?

याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच भागातले आहे. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी म्हणे विषाणू, कोणी म्हणे कीटकनाशके. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी मेलेली गिधाडे तपासली. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते.

इतका ठळक संबंध दिसूनही ते तेथे थांबले नाहीत. औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घालून त्यांनी पाहिले. त्यांचीही मूत्रपिंडे तशीच निकामी झाली. आता ‘सापडले’ याचे ‘सिद्ध झाले’ झाले. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली, आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध पर्याय म्हणून पुढे आले.

माणसांना मात्र मुद्दाम प्लॅस्टिक खाऊ घालून परीक्षा पाहता येत नाही. म्हणून येथे वाट लांबची आहे. पेशींवर प्रयोग करायचे, प्राण्यांवर करायचे, निरनिराळ्या देशांत हजारो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, कण वाढले तसा धोका वाढतो का ते पाहायचे. या सर्वांची उत्तरे एका दिशेने आली, की मग खात्री पटते.

जीवाणू सारे फस्त करतील?

आता दुसऱ्या, सुखावणाऱ्या बातमीकडे वळू. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरातील बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्रातून एक जीवाणू शोधून काढला. इडिओनेला साकाएन्सिस हे त्याचे नाव. पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक, म्हणजे पीईटी, हेच त्याचे अन्न. बातमी शंभर टक्के खरी. पण तपशील पाहा. पीईटीचा एक पातळ पापुद्रा संपवायला त्याला ३० अंश सेल्सिअस तपमानाला सुमारे सहा आठवडे लागले. शिवाय तो पापुद्रा मऊ, विस्कळीत रचनेचा होता. बाटलीतील पीईटीचे रेणू रांगेत घट्ट बसलेले असतात, ते त्याला सहजी पचत नाहीत.

पुढे २०२० साली फ्रान्समधील संशोधकांनी पाचोळ्याच्या खतातून मिळालेले एक विकर सुधारून घेतले. मुळात हे विकर पानांवरच्या मेणचट आवरणातील क्यूटिन तोडणारे. ७२ अंश सेल्सिअसला त्याने १० तासांत ९० टक्के पीईटी सुटे करून दाखवले. पण त्याआधी बाटल्या वितळवून, त्यांची रचना सैल करून, बारीक दळाव्या लागल्या. म्हणजे हे कारखान्याचे काम झाले. उकिरड्यावर वा नदीत ते आपोआप होणार नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी. पीईटी हे पॉलिएस्टर आहे. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात. दहावीत तुम्ही एस्टर शिकता ना? पाण्याच्या रेणूच्या मदतीने हा बंध तोडता येतो आणि विकर तेच करते. पॉलिथिनच्या साखळीत मात्र नुसता कार्बनला कार्बन जोडलेला. तेथे या विकराला धरायला जागाच नाही! म्हणजे बाटली खाणारा जीवाणू पिशवीला तोंडही लावणार नाही. ‘प्लॅस्टिक’ या एका शब्दाखाली किती निरनिराळे पदार्थ दडले आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, तो या बातमीने हुरळून जाणार नाही.

तोपर्यंत हातावर हात ठेवायचे का?

तुम्ही म्हणाल, “एकूण काय, काहीच नक्की नाही!” थांबा. घाबरण्याइतकीच ही समजूतही घातक आहे. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. तेव्हाही ‘अजून सिद्ध झालेले नाही’ असे म्हणणारे होतेच, आणि सिगारेटचे कारखानदार पुढे कित्येक वर्षे याच वाक्याच्या आड लपून माल विकत राहिले. ‘सिद्ध झालेले नाही’ याचा अर्थ ‘निर्धोक आहे’ असा होत नाही.

मग ठरवायचे कसे? माझे उत्तर असे. जेथे सावधगिरीला फारसा खर्च नाही, तेथे पुराव्याची वाट पाहू नये. गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणण्याऐवजी किटली नेली, बाजारात कापडी पिशवी नेली, तर आपले काय बिघडते? महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी झाली आणि २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यासाठी माणसाच्या रोगाचा पुरावा लागला नाही. तुंबलेली गटारे आणि गुरांच्या पोटातून निघालेल्या पिशव्या हा पुरावा डोळ्यांसमोर होता. पण जेथे प्लॅस्टिक सोडण्याची किंमत मोठी आहे, तेथे घाई नको. सलाईनची पिशवी, एकदाच वापरायची सुई-सिरिंज यांनी किती जणांना जंतुसंसर्गापासून वाचवले असेल! तेथे आधी चांगला पर्याय, मग बंदी.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. पदार्थ, पर्यावरण आणि आरोग्य हे धडे पुस्तकात वेगळे असतात, निसर्गात ते वेगळे नसतात. महिन्यातून एक तास राखून ठेवा आणि वर्गात विज्ञानाच्या बातमीचे एक कात्रण वाचा. त्याला पाच प्रश्न विचारा. नेमके काय मोजले? कसे मोजले? किती नमुने होते? दुसरे कारण संभवते का? आणि इतर कोणी पडताळून पाहिले का? उत्तर बातमीत नसेल तर ‘माहिती दिलेली नाही’ असे फळ्यावर लिहा. गुण त्यालाही द्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी नवा पदार्थ शोधील, कोणी नदीचे पाणी तपासील, कोणी रुग्ण. पण मतदार, ग्राहक आणि घरातली शहाणी व्यक्ती तर तुम्ही सारेच होणार आहात. आज घरी कोणी म्हणाले, “बघ, पेपरात काय आलेय!” तर बातमीला हसू नका आणि घाबरूही नका. पेपर हातात घ्या, शेवटपर्यंत वाचा आणि पहिला प्रश्न विचारा : सापडले ते ठीक, पण सिद्ध काय झाले?