खारट घामाचे बालक आणि आपले पथ्य

मूल भरपूर खाते पण अंगी लागत नाही, खोकला हटत नाही, मल तेलकट व दुर्गंधीयुक्त. अशी तक्रार आली की आपली लेखणी ग्रहणी, बालशोष किंवा राजयक्ष्म्याकडे वळते. या विचारात सिस्टिक फायब्रोसिसलाही स्थान हवे, असे माझे आग्रहाचे मत आहे. हा केवळ युरोपीयांचा आजार, ही समजूत आता टिकत नाही. भारतीय बालकांतही तो आढळतो आणि पुष्कळदा क्षय म्हणून उपचारिला जातो.

व्याधीचे मूळ बीजात आहे. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडले. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास व्याधी होण्याची शक्यता चारात एक. पेशीच्या आवरणातील क्लोराइडचा मार्ग बिघडल्याने स्राव दाट होतात. फुफ्फुसात कफ साचून जंतुसंसर्ग बळावतो आणि स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात उतरत नाहीत. घामातील मीठ मात्र परत शोषले जात नाही. ‘पापा घेतला की खारट लागतो’ हे आईचे बोलणे म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये. १९५९ पासून रूढ असलेल्या घामाच्या चाचणीत क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल वा अधिक आले, तर निदानास भक्कम आधार मिळतो. संशय येताच अशा बालकास चाचणीची सोय असलेल्या बालरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे.

खरी चिंता आपल्या पथ्याची आहे. तेल-तूप वर्ज्य, मीठ कमी, लंघन, वर स्वेदन! या बालकांना अधिक स्निग्ध आहार व अधिक मीठ लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात मीठ तोडले, तर क्षार घटून मूल मरणासन्न होऊ शकते. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली तीन द्रव्यांची नवी औषधयोजना काही रुग्णांचे आयुष्य पालटते, पण तिची किंमत आपल्याकडील सामान्य कुटुंबास झेपणारी नाही. आहार, एन्झाइम व छातीची निगा हाच येथे मुख्य आधार.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती. एन्झाइमच्या कॅप्सूलमधील दाणे जठरातील आम्लापासून रक्षण करणाऱ्या लेपाचे असतात. ते खलात घोटू नयेत, जेवणासोबतच द्यावेत. ते डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे शाकाहारी कुटुंबापासून लपवू नये. मात्र त्यांनी विचारले म्हणून बदली पाचक चूर्णाची पुडी देऊ नये. मेद पचविण्याचे ते काम चूर्णाने होत नाही.