फुग्याला टांगलेली दुर्बीण

आषाढात माळशेज घाटात पुढची गाडी दिसत नाही, तिथे तारे कुठले! पण मे महिन्यात माहुलीवर आभाळ लख्ख असले तरी दूर-अवरक्त किरण खाली पोचत नाहीत. हवेतली वाफ ते गिळते. म्हणून दुर्बीणच वर न्यायची. नासाच्या ‘सोफिया’ने बोइंग विमानातून २०२२पर्यंत हेच केले, चंद्राच्या उन्हातल्या भागावर पाण्याचे रेणूही टिपले. आमच्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटर व्यासाची दुर्बीण मात्र हैदराबादहून फुग्याला लटकून तीसेक किलोमीटर वर जायची, तारे जन्मतात त्या ढगांतल्या कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा मोजायची आणि पॅराशूटने उतरायची. विमानाचा खर्च पाहता मला तरी फुगाच शहाणा वाटतो. शहापूर-मुरबाडच्या वाचकांसाठी या अंकाची पहिली पाने त्यालाच दिली आहेत.