पद्मिनीच्या पोटाखालचं रबर

शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी हे नाव टॅक्सीच्या यादीतून गेलं. त्या शेवटच्या गाडीचे मालक आमच्या प्रभादेवीतलेच. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. काळा-पिवळा रंग, बॉनेटजवळचं ते लोखंडी मीटर, हिंदी सिनेमातली दृश्यं, सगळं आलं. सहाच आठवडे आधी बेस्टची जुनी डबलडेकर गेली होती, म्हणून हळहळ दुप्पट होती. या लिखाणात एक गोष्ट मी शोधत होतो, ती कुठेच सापडली नाही. या गाड्या साठ वर्षं चालत्या ठेवणाऱ्या हातांत जी विद्या होती, तिचं पुढे काय होणार?

ती विद्या किती बारीक होती हे सांगायला मी इंजिन घेणार नाही, गिअरही घेणार नाही. मुठीत मावेल एवढा रबराचा एक गोळा घेतो. गॅरेजमध्ये त्याला बंप रबर म्हणतात, कुणी बंप स्टॉप म्हणतं. गाडी खड्ड्यात आदळली की चाक वर येतं, पाटे किंवा स्प्रिंग दबतात, आणि दबण्याची हद्द संपली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून हा गोळा मध्ये उभा असतो. एरवी त्याला काहीच काम नाही. चांगल्या गाडीत तो दिवसभर हवेत लोंबकळत असतो. म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पद्मिनीत मात्र तो महत्त्वाचा, कारण तिला वेगळी जाड चेसिस नाही. १९५३ साली इटलीत निघालेल्या फियाट ११०० चा सांगाडा आणि पत्रा एकच. ट्रकच्या किंवा जुन्या अमेरिकन गाडीच्या चेसिसवर आदळलेला धक्का जाड लोखंड पचवतं. इथे तो थेट फ्लोअरच्या घडी घातलेल्या पत्र्यात जातो. रबर मेलं की पत्रा सोसतो. मग वेल्डिंगचे टाके, मग गंज, आणि दोन पावसाळ्यांत मागची सीट खाली बसल्यासारखी वाटू लागते. मालक म्हणतो बॉडी सडली. सडण्याची सुरुवात कुठून झाली, हे खाली झोपून पाहणाऱ्यालाच कळतं.

या गाडीच्या मागे पाटे आहेत, एकावर एक रचलेले, कमानीसारखे. ही मूळची घोडागाडीची गोष्ट. ओबादाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०४ साली अशा पाट्यांच्या कमानीचं पेटंट घेतलं आणि चाकांच्या कण्याचा, म्हणजे ॲक्सलचा, धक्का बग्गीत सौम्य होऊन पोचू लागला. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्याही अशाच पाट्यांवर डुलत गेल्या. उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बंद करायला सांगितलं, तोवर गेटवेपाशी ते पाटे करकरत होते. बंप रबर हाही एक बफरच, आणि बफर आपल्याला दाखवला रेल्वेने. डबे जोडताना एकमेकांना भिडणाऱ्या त्या लोखंडी थाळ्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरून बघत आम्ही मोठे झालो. बग्गीचे पाटे आणि आगगाडीचा बफर, दोन्ही आजोबांकडचे गुण या एका लहान मोटारीच्या पोटाखाली शेजारी शेजारी आले.

ती मोटार कुर्ल्याला बनत होती, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे खणणाऱ्या, जहाजं आणि विमानं या देशात बांधायची म्हणून सरकारशी झगडलेल्या माणसाचं ते आणखी एक धाडस. १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये डिलाइट आली. त्याच वर्षी, ३१ मार्चला, बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्रॅम गेली. परळ-लालबागच्या रस्त्यातून रूळ गेले आणि त्याच रस्त्यावर ही १०८९ सीसीची, अंगाने आटोपशीर गाडी टॅक्सी म्हणून धावू लागली. कलकत्त्याने ॲम्बॅसॅडर धरली, मुंबईने फियाट. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं, गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. टॅक्सीवाले शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

इटलीत तिच्यात चार माणसांचं कुटुंब बसत होतं. इथे दादर स्टेशनवरून निघताना मागे चार, पुढे दोन, टपावरच्या कॅरियरवर ट्रंक आणि वळकट्या. पुढे २००० नंतर, न्यायालयाच्या आदेशाने जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या, तेव्हा डिकीत पन्नास-साठ किलोचं सिलिंडर कायमचं बसलं. हवा सुधारली, ते फार चांगलं झालं. पण मागच्या पाट्यांवर एक कधीच न उतरणारा प्रवासी चढला. पाटे बसले. कणा आणि बंप रबर यांच्यातलं मोकळं अंतर आटत गेलं, आणि जो गोळा आणीबाणीसाठी होता तो रोजची स्प्रिंग झाला. रबरं वर्षभरात चिरफळू लागली. मिस्त्री लोकांनी यावर उपाय काढला तो पाटा वाढवण्याचा. कुणी आत जाड पाटा घातला, कुणी जुने पाटे पुन्हा तापवून कमान चढवली. कुठल्याही कंपनीने याची पुस्तिका छापली नाही. गल्लीतल्या झाडाखाली, गोणपाटावर पाठ टेकून माणसांनी हे शोधलं.

मी हे माझ्याच गाडीवर शिकलो. माझी पद्मिनी स्पीडब्रेकरवरून जाताना मागून धाडकन आवाज द्यायची. एका दुकानातून नवी रबरं आणली, काळीभोर, चकचकीत. बसवली, आणि गाडी छकड्यासारखी उसळू लागली. मागे बसलेल्या आईने सिद्धिविनायकाच्या रांगेत उतरल्यावर पाठ धरली. ज्या मिस्त्रींकडे मग गेलो त्यांनी आधी शिव्या दिल्या नाहीत की रबर काढलं नाही. टेप घेतली आणि गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोजली. डावी बाजू दोन बोटं खाली होती. “साहेब, रबराचा काय दोष? पाटे बसलेत. उंबरठा वर आला म्हणून तुम्ही दार कापताय.” नवं रबर जुन्यापेक्षा बोटभर उंच आणि फार कडक होतं, त्यामुळे थोडं उरलेलं अंतरही संपलं होतं.

रबराचा कडकपणा मोजायला शोअर ए नावाचं मापन आहे. पेन्सिलीचं खोडरबर साधारण ४०, टायरचा बाहेरचा थर ६० ते ७०, बुटाची टाच ८०. दुकानदार हा आकडा सांगत नाही, आपणही विचारत नाही. मिस्त्री अंगठ्याचं नख रुतवून बघतात. टाचेसारखं लागलं तर परत करतात. आकारही बघतात: टोकाकडे निमुळतं रबर आधी हळू दबतं, मग जड होत जातं, सरळ ठोकळा एकदम अडवतो. भरीव रबराची आणखी एक खोड अशी की ते दाबलं तरी त्याचं आकारमान घटत नाही, ते बाजूंनी फुगतं. फुगायला जागा लागते. एखाद्याने हौसेने त्याला लोखंडी वाटीत घट्ट बसवलं, तर ते दगड झालं.

आता पॉलियुरेथेनचे फेसाळ, बारीक छिद्रांचे स्टॉप मिळतात. आतली हवा दबते, त्यामुळे ते बाजूला फारसे न फुगता एक तृतीयांश उंचीपर्यंतही जातात आणि धक्का सावकाश घेतात. नव्या बहुतेक गाड्यांत शॉकअपच्या दांड्यावर हेच असतात. जुन्या गाडीत ते घालावेत का, यावर संग्राहकांमध्ये भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे. उंची, जागा आणि निमुळता आकार मूळचा ठेवा, पदार्थ बदलला तरी चालेल. रबर हा पदार्थ मुळात मरणारा आहे. गंधक घालून ते शिजवण्याची रीत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, तेव्हापासून त्याचं आयुष्य वाढलं, पण हवेतला ओझोन आणि उष्णता ते चिरतच राहतात, गाडी उभी असली तरी.

मिस्त्रींची तपासणीची रीत मात्र कुठल्याच पुस्तकात वाचलेली नव्हती. चपातीच्या कणकेची लिंबाएवढी गोळी करायची, कोरड्या पिठात घोळवायची आणि रबराच्या टोकाला चिकटवायची. तेलाचा हात अजिबात नाही, रबराला तेल लागलं की ते फुगून कुजतं. मग गाडीत रोजची माणसं बसवायची, डिकीत रोजचं सामान ठेवायचं आणि रोजच्याच रस्त्याने एक चक्कर मारायची. आम्ही प्रभादेवीतून गोखले रोडला आणि परत असे गेलो. तेव्हा तिसऱ्या मेट्रोच्या खोदकामाने रस्ता लोखंडी प्लेटांनी झाकलेला होता. परत येऊन खाली वाकलो. उजवीकडची गोळी जराशी चपटी झाली होती. डावीकडची कागदासारखी पसरून कण्यावर छापली गेली होती, त्यात कण्यावरचा गंज उमटला होता. डाव्या बाजूचे पाटे उतरवल्यावर खालून दुसरा पाटा मोडलेला निघाला.

बसवण्याचं काम त्यानंतरचं आणि सोपं, पण घाई नको. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही. बॉडीखाली भक्कम जागी घोड्या लावायच्या म्हणजे कणा मोकळा खाली लोंबतो. शॉकअपचा खालचा नट सोडला की हात शिरायला जागा होते. जुन्या रबराचा बोल्ट गंजून धरलेला असतो, त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल द्यावं, पण रबर फेकायचंच असेल तरच. बसायची जागा तारेच्या ब्रशने पांढरी होईपर्यंत घासून रंगाचा हात मारायचा. दोन्ही बाजूंची रबरं एकदम बदलायची. नट वायसर बसेपर्यंत आवळायचा, रबर चेपेपर्यंत नाही. सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा अंतर मोजायचं.

रस्त्यांबद्दल बोललंच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने अंग न आदळता त्यावरून जाते. अशा उंचवट्यावर पद्मिनीचं रबर कण्याला शिवतही नाही. आमच्या गल्ल्यांतले डांबराचे बांध हातभर रुंद असतात आणि तेवढेच खडे. ज्यांच्याकडे नवी मोठी गाडी आहे त्यांना ते जाणवत नाहीत. स्कूटर, रुग्णवाहिका आणि जुन्या लहान गाड्यांना जाणवतात. हा प्रश्न फक्त माझ्या हौसेचा नाही.

सरकारचं जुन्या गाड्यांबद्दलचं धोरण २०२१ मध्ये आलं. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिलं शुल्क २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. २० वर्षांपुढच्या साध्या खासगी मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १० हजारांवर गेलं. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता कुठे पन्नाशीला पोचताहेत. शेवटच्या २०५० च्या आसपास पोचतील. मधली पंचवीस वर्षं त्या कशावर उभ्या राहणार? शुल्क घेणारं खातं ‘मूळ स्वरूप’ तपासतं, पण मूळ माप कुठे लिहून ठेवलंय हे कुणालाच विचारत नाही. कुर्ल्याचा कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं. ऑपेरा हाउसच्या पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात जे मिळतं ते नमुन्यावरून काढलेल्या नमुन्याचा नमुना असतं. दरवेळी माप थोडं सरकतं. माझं बोटभर उंच रबर असंच जन्माला आलं असणार.

एक तरी पद्मिनी जतन करा, अशी मागणी टॅक्सी संघटनेने सरकारकडे केली होती. ती पुरी व्हायला हवी होती. पण काचेमागे पॉलिश केलेली एक गाडी ठेवून माझं समाधान होणार नाही. ट्रॅम आणि बसच्या आठवणींसाठी बेस्टचं आणिक आगारात संग्रहालय आहे. टॅक्सीसाठी तसं दालन उभं राहील तेव्हा तिथली गाडी चालती असावी, आणि तिच्या शेजारी एक वही असावी. प्रत्येक झिजणाऱ्या भागाला एक पान: उंची, व्यास, कडकपणा, बोल्टचं माप, बसवल्यावरचं मोकळं अंतर. माटुंग्याला १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था आहे, शहरात आयटीआय आहेत. एका सत्रात दहा विद्यार्थी हे काम करतील. मिस्त्री अजून हयात आहेत, त्यांचे हात अजून मापं सांगतात. त्यांना मानधन देऊन बोलवायला हवं, आणि ते याच दोन-चार वर्षांत.

मी आमच्या मिस्त्रींपुढे वही धरली तेव्हा ते आधी लाजले. मग कोपरापर्यंतचा हात पुसून, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी स्वतःच पेन घेतलं. पहिल्या ओळीत तारीख टाकली. दुसरीत लिहिलं: मागचं रबर, डावं-उजवं, नवे पाटे बसवल्यावर. पुढचा आकडा लिहिण्याआधी ते पुन्हा गाडीखाली गेले, कारण मघाशी मोजलं तेव्हा मागच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. मला म्हणाले, “आईंना बोलवा, बसू दे. त्यांच्या वजनाचं माप लिहू.”