पटाचा छकडा आणि दमणी

मोटारींचीं चित्रें जमविणारीं आमचीं मुलें बुटक्या, दोन दारांच्या व मोठा आवाज करणाऱ्या प्रत्येक गाडीस बेधडक 'स्पोर्टस् कार' म्हणतात. त्यांचे वडीलहि तसेंच म्हणतात, तेव्हां मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. तरी पण वऱ्हाडांतील माणसास हा भेद कळूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

तळेगांव दशासरचा शंकरपट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं तेथील छकडा आठवावा. त्यास छत नाहीं, गादी नाहीं, सामानास जागा नाहीं. हांकणाऱ्यासहि धड बसावयास मिळत नाहीं. धांवण्यास जें निरुपयोगी, तें सर्व काढून टाकलेलें. (सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या व डिसेंबर २०२१ मध्यें अटींसह पुन्हां होऊं दिल्या, मधल्या काळांत वाढलेल्या मुलांस छकडा ठाऊक नसेल, तर तो त्यांचा अपराध नव्हे.) याउलट आजोबांच्या काळची दमणी. तिलाहि उमदे बैल जुंपीत, तीहि झपाट्यानें जाई. परंतु मूर्तिजापुराहून अकोल्यास लग्नाला निघालेलीं माणसें ट्रंकांसह, न शिणतां पोंचावीं, हा तिचा हेतु. छकडा म्हणजे स्पोर्टस् कार; दमणी म्हणजे ग्रँड टूरर.

इटालियन लोक या दुसऱ्या जातीस 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे मोठा प्रवास, असें म्हणतात. लान्चिया कारखान्याच्या १९५१ च्या ऑरेलिया गाडीनें हें नांव गाजविलें. भेद वेगाचा नव्हे. २००३ सालीं निघालेली बेंटली कॉन्टिनेंटल जीटी ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक धांवे, पण तिचें वजन दोन टनांहून जास्त. १९८९ ची जपानी माझ्दा एमएक्स-५ अवघी सुमारें ९५० किलोंची व ११५ अश्वशक्तीची. सरळ रस्त्यावर ती बेंटलीपुढें टिकणार नाहीं. तरीहि खरी स्पोर्टस् कार तीच. वळणावर गाडीचें सारें वजन बाहेर फेंकलें जाऊं पाहतें आणि तें टायरांनाच आवरावें लागतें. वजन कमी असलें, तर गाडी चालकाच्या हाताबरोबर वळते, आणि टायर सुटूं लागल्याची खबर त्यास वेळेवर लागते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना हें कळेल. समृद्धि महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांत कळणार नाहीं. तो रस्ता दमणीचा. जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पसरून जागतिक विक्रम ज्यावर झाला, तो आमचा अमरावती-अकोला मार्गहि दमणीचाच.

येथेंच आमची खरी तक्रार आहे. हल्लीं चार दारांच्या घरगुती गाडीवरहि 'स्पोर्ट' अशीं अक्षरें लावून ती विकतात. बापास वाटतें, शोभा आहे. मुलगा तीं अक्षरें खरीं मानतो. पटाची वाट शर्यतीपुरती मोकळी ठेवलेली असते. बडनेऱ्याच्या रस्त्यावर सायकलीवरून शाळेस येणारीं मुलें असतात. किल्ली मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं तीं अक्षरें खरडून काढावींत, असें आम्हीं एका पालकांस सुचविलें. ते रागावले. गाडी मात्र अजून त्याच अक्षरांसह शाळेच्या फाटकापाशीं उभी राहते.