'घरबसल्या कमवा'ची जाहिरात कोण देतं, कधीपासून देतं? फोनवरच दिसतं, फक्त बघायला शिका

धाराशिव : फेसबुक उघडलं की शेळ्यांच्या दोन व्हिडिओनंतर एक पोरगा गाडीला टेकून सांगायला लागतो, "शेती परवडत नाही? नोकरी नाही? मोबाईल आहे ना! रोज दोन तास द्या." खाली लिंक. लिंकवर कोर्स. कोर्सचं नाव 'अफिलिएट मार्केटिंग'. फी काही हजार, पण 'आज रात्री बारापर्यंत'च सवलत. उद्या उघडून बघा, तिथं बारा वाजलेले नसतातच.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं परंडा, भूम भागात पिकांबरोबर मातीही वाहून गेली. ज्या घरात असा हंगाम गेला त्या घरातलं बारावी झालेलं पोरगं अशा जाहिरातीवर बोट ठेवणार नाही तर काय करणार? त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण बोट ठेवण्याआधी पाच मिनिटं ती जाहिरातच उलटून बघितली, तर बरंच काही कळतं. धंद्यातले लोक हे रोज करतात. समोरचा काय जाहिरात करतोय, कुठं करतोय, कधीपासून करतोय याचा तपास ठेवणं हा या व्यवसायाचा अर्धा अभ्यास आहे. आणि गंमत म्हणजे त्यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत, सगळ्यांना उघडी आहेत, कोर्स विकणारे तेवढं सांगत नाहीत.

आधी अफिलिएट म्हणजे काय ते आपल्या भाषेत. जनावरांच्या बाजारात दलाल असतो. शेळी त्याची नसते, घेणारा त्याचा नसतो, पण गाठ घालून दिली की त्याला काहीतरी मिळतं. इंटरनेटवरचा अफिलिएट तोच. अॅमेझॉनसारखी कंपनी त्याला खूण असलेली लिंक देते, त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की ठरलेले टक्के त्याच्या नावावर जमा होतात. अॅमेझॉननं ही पद्धत १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केली. म्हणजे धंदा खोटा नाही, जुना आहे. फरक एवढाच, बाजारात दलाल समोर उभा असतो, इथं तो दिसत नाही.

न दिसणाऱ्याला बघायचं कसं?

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची 'अॅड लायब्ररी' नावाची जागा आहे. मार्च २०१९ पासून तिथं चालू असलेली कुठलीही जाहिरात कुणालाही बघता येते, खातं नसलं तरी. देश भारत निवडायचा, 'सर्व जाहिराती' निवडायचं आणि पेजचं नाव किंवा साधा मराठी शब्द टाकायचा. गुगल आणि यूट्यूबसाठी मार्च २०२३ पासून असंच 'अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर' आहे. तिथं जाहिरातदाराचं पडताळलेलं नाव आणि तो कुठला आहे हेही दिसतं. (गुगलवर या जागा शोधताना वर 'प्रायोजित' लिहिलेल्या लिंकवर जाऊ नका. जाहिरात तपासायला निघालो आणि जाहिरातीवरच घसरलो, असं व्हायला नको.)

अॅड लायब्ररीत प्रत्येक जाहिरातीखाली ती कोणत्या तारखेला सुरू झाली ते लिहिलेलं असतं. धंदेवाले आधी हीच तारीख बघतात. चार दिवसांपूर्वी सुरू झालेली जाहिरात म्हणजे प्रयोग. चार महिने चालू असलेली म्हणजे कुणीतरी चार महिने तिच्यावर पैसे घालतंय, आणि तोट्यात कुणी एवढे दिवस घालत नाही. एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या दहा जाहिराती दिसल्या तर तो माणूस कोणती चालते ते अजून तपासतोय. मग त्यातल्या सहा बंद झाल्या, चार राहिल्या, की त्या चार कशा आहेत ते बघायचं. सुरुवातीचं वाक्य काय आहे, फोटो कुणाचा आहे, किंमत लिहिली आहे की लपवली आहे. आठवड्यातून एकदा बघून वहीत टिपून ठेवलं तरी महिन्याभरात चित्र उभं राहतं.

इथंच मोठी चूक होते. जाहिरात खूप दिवस चालू आहे म्हणजे ती देणाऱ्याला पैसे मिळताहेत, इतकंच त्यातून कळतं. तुम्हाला मिळतील असं त्यातून निघत नाही. 'घरबसल्या कमवा'ची जाहिरात वर्षभर चालू असेल, तर वर्षभर फी भरणारे मिळताहेत एवढाच त्याचा अर्थ. तो माणूस अफिलिएट मार्केटिंग करून कमावतो की अफिलिएट मार्केटिंग शिकवून, हे त्याच्याच जाहिरातींतून दिसतं. त्याच्या पेजवरच्या सगळ्या चालू जाहिराती उघडा. मिक्सर, बूट, खताची फवारणी, काहीतरी वस्तू विकताना तो दिसतो का? की वीसच्या वीस जाहिराती कोर्सच्याच आहेत? मग त्याचा माल तुम्हीच आहात.

त्याच्या पुढची पायरी आणखी वाईट. काही कोर्समध्ये शिकवण्यासारखं एकच असतं, हाच कोर्स पुढच्या दोघांना विका आणि कमिशन घ्या. नाव अफिलिएटचं, काम साखळीचं. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी केली आहे, आणि मनी सर्क्युलेशनवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. पण गावात ही साखळी कायद्यानं तुटत नाही, ती मावसभाऊ, मेहुणा, शाळेतला मित्र संपल्यावर तुटते. तोवर बोलणंही तुटलेलं असतं.

पेज खरं कुणाचं हे बघायला आणखी एक जागा आहे. फेसबुक पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' असतं. पेज कधी तयार झालं, आधी त्याचं नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथं दिसतं. काल भजनाचं पेज होतं आणि आज 'करोडपती अकॅडमी' झालं, तर नाव बदलल्याची नोंद तिथं राहते. वेबसाईट केव्हा नोंदवली तेही 'व्हूइज' शोधून कळतं. 'दहा वर्षांचा अनुभव' आणि साईट तीन महिन्यांची, असं निघालं तर पुढं विचारायची गरज नाही.

आता लिंक. टेलिग्राम, व्हॉट्सअॅपच्या 'डील' ग्रुपवर येणाऱ्या छोट्या लिंकमागं लांब पत्ता असतो. ब्राउझरमध्ये उघडलं की तो दिसतो. अॅमेझॉनच्या पत्त्यात 'टॅग' या शब्दापुढं एक नाव असतं, भारतातल्या टॅगच्या शेवटी २१ आकडा असतो. ते नाव म्हणजे दलालाची खूण. पाच वेगवेगळ्या ग्रुपवर एकच खूण दिसली तर पाचही ग्रुप एकाच्याच हातात आहेत. स्पर्धक कोण आणि किती, हे मोजायची ही साधी रीत आहे.

ही खूण बदलून चोरीही होते. हिशोब बहुतेक ठिकाणी असा असतो, शेवटचं क्लिक ज्याचं, कमिशन त्याचं. अमेरिकेत ईबे कंपनीचा सगळ्यात मोठा अफिलिएट लोकांच्या कम्प्युटरवर त्यांना न कळता आपली खूण टाकत होता. त्यानं २ कोटी ८० लाख डॉलर कमिशन उचललं आणि २०१४ मध्ये त्याला ५ महिन्यांची कैद झाली. तेव्हा स्पर्धकाचे मोठे आकडे बघून हुरळण्याआधी ते आकडे आले कुठून, हाही तपासाचाच भाग.

थोडा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ६०० रुपयांची वस्तू, ५ टक्के कमिशन, म्हणजे एका विक्रीला ३० रुपये. जाहिरातीवर एका क्लिकला ३ रुपये पडले आणि शंभर जणांनी क्लिक केलं, तर खर्च ३०० रुपये. शंभरातल्या दोघांनी घेतली तर हातात ६० रुपये. म्हणजे २४० रुपये गेले. बरोबरीला यायला शंभरातल्या दहांनी घ्यायला पाहिजे. शिवाय अॅमेझॉनवर लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांतली खरेदीच मोजली जाते, स्वतः स्वतःच्या लिंकवरून घेतलेलं मोजत नाहीत, आणि मोबाईलसारख्या महाग वस्तूंवर टक्के फार कमी असतात. म्हणून जे खरंच कमावतात ते बहुतेक जाहिरातीवर पैसे न घालता आपल्या चॅनेलवर, आपल्या ओळखीच्या विषयात काम करतात. ट्रॅक्टरच्या अवजारांचा व्हिडिओ बनवणारा पोरगा अवजाराची लिंक देतो, त्याचं चालतं. कारण बघणारा आधीच घ्यायला निघालेला असतो.

स्पर्धकांवर नजर ठेवण्याचा खरा फायदा आपल्या जिल्ह्यात कुणाला असेल, तर तो स्वतःचा माल असणाऱ्याला. उस्मानाबादी शेळी हे नाव महाराष्ट्राबाहेरही चालतं. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अॅड लायब्ररीत 'उस्मानाबादी शेळी' टाकून बघायला हरकत नाही. आपल्या नावावर कोण कुठून विकतंय, वजन लिहितो की नुसता 'ओरिजनल' म्हणतो, घरपोच देतो का, आगाऊ पैसे मागतो का, हे बघा. सगळे आगाऊ मागत असतील, तर 'गोठ्यावर या, वजन करून घ्या, मग पैसे द्या' एवढं एक वाक्य तुमची जाहिरात वेगळी करतं. खव्यावाल्यानं बघावं की दिवाळीच्या किती दिवस आधी इतरांच्या जाहिराती सुरू होतात. बाजारात पलीकडच्या पालावर काय भाव चाललाय ते बघायला पोरगं पाठवायची आपली सवय जुनीच आहे. हे तेच, फक्त पोरगं चालत जात नाही.

बघणं आणि चोरणं यात मात्र फरक आहे. दुसऱ्याची कल्पना, वेळ, पद्धत बघून शिकणं चालतं. त्याचा फोटो, व्हिडिओ उचलला तर तो कॉपीराइटचा भंग आहे. आणि शेळीच्या धंद्यात उचललेला फोटो म्हणजे दुसऱ्याची शेळी दाखवून आपली विकणं. गिऱ्हाईक पुण्याहून आल्यावर काय सांगणार?

कमिशन घेऊन वस्तू सुचवणाऱ्यांवर आता नियमही आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की पैसे, फुकट वस्तू किंवा इतर फायदा घेऊन शिफारस करत असाल तर ते स्पष्ट, त्याच भाषेत सांगा. मराठी व्हिडिओत कोपऱ्यात इंग्रजी अक्षर टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

रमी आणि बेटिंगच्या रेफरल लिंक टाकणाऱ्या पोरांनी तर आता सावधच व्हावं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मी नुसती लिंक टाकली' हे उत्तर पोलीस ठाण्यात कितपत चालेल सांगता येत नाही. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवरची रमी गाजली होती, आणि आपण आलेली जाहिरात बंद करत होतो असं त्यांनी सांगितलं होतं. खातं मात्र बदललं.

अशा जाहिरातीत पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. कोर्स, वस्तू, दिशाभूल याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. फोन करण्याआधी जाहिरातीचा, पेजच्या नावाचा, सुरू झाल्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. राजकीय जाहिराती मेटाच्या लायब्ररीत ७ वर्षं राहतात. आपल्याकडं साध्या धंद्याची जाहिरात मात्र बंद केली की तिथून निघून जाते, आणि फसवणाऱ्यालाही हे माहीत असतं.