नवी प्रणाली आणि तापलेला आयपॅड

आयपॅडची प्रणाली अद्ययावत केल्यावर तो तापूं लागला, कीं घरांत सल्ल्यांचा सुकाळ होतो. कोणी तो फ्रीजमध्यें ठेवावयास सांगतो, कोणी सर्व पुसून टाकावयास. आमच्या मतें दोन्ही उपाय अविचाराचे. अति गारव्यानें आंत दंव धरण्याचें भय असतें. आणि प्रत काढून ठेवली नसल्यास पुसलेलीं छायाचित्रें गेलींच म्हणावयाचीं.

अद्ययावत झालेलें यंत्र आंतील छायाचित्रांची व मजकुराची सूची पडद्याआड नव्यानें रचीत असतें. कसरत करणाऱ्याचें अंग तापावें, तसाच हा प्रकार. म्हणून एक-दोन दिवस धीर धरावा. वेष्टन काढावें, गादीवर ठेवूं नये, चार्जिंग चालू असतां मुलांस खेळूं देऊं नये. हें यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत वापरण्यासाठीं घडविलें आहे. वैशाखांत विदर्भांतील खोलीही त्याहून तापते, हें ध्यानीं असावें.

तरीही ताप न उतरल्यास सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ ह्या सदरांत अधिक वीज खाणारें ॲप शोधून तें अद्ययावत करावें, अथवा काढावें. मात्र पडदा फुगून उचललेला दिसला, तर विलंब नको. चार्जर काढावा, यंत्र बंद करावें व जाणत्या कारागिराकडे न्यावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.